किनारी तालुक्यातल्या अत्यावश्यक ठिकाणांची धोका-तपासणी: गुणांची बेरीज करून चालेल का?

साकव

मंडळी, रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका किनारी तालुक्याचा आपत्ती आराखडा पावसाळ्याआधी नव्याने लिहायचाय. त्यातलं ‘अत्यावश्यक ठिकाणं’ हे प्रकरण माझ्याकडे आलंय. यादीत ६४ ठिकाणं आहेत: ग्रामीण रुग्णालय, चार प्राथमिक आरोग्य केंद्रं, पोलीस ठाणं, तहसील, विजेची दोन ३३/११ केव्ही उपकेंद्रं, नळपाणी योजनांच्या जॅकवेल (नदीतून पाणी उपसायच्या विहिरी), एसटी आगार, पेट्रोल पंप, रेशनचं गोदाम, मोबाइल टॉवर, निवारा म्हणून ठरवलेल्या शाळा, जेट्टी, पूल आणि साकव (ओढ्यावरचे छोटे पूल).

हाती आलेला नमुना असा: वादळ, उधाण, पूर, दरड, भूकंप असे पाच रकाने, प्रत्येकाला १ ते ५ गुण, मग बेरीज, आणि १५ किंवा त्यावर गेलं की लाल. तो भरल्यावर रुग्णालय ११ वर हिरवं आणि यादीत कुणीतरी घुसवलेलं खाडीकाठचं बंद मच्छी गोदाम १६ वर लाल! काहीतरी चुकतंय हे दिसतंय, पण नेमकं कुठे?

शिवाय उंचीसाठी उपग्रहाचा फुकट मिळणारा डेम (जमिनीच्या उंचीचा डिजिटल नकाशा) वापरलाय. तो पुरेसा आहे का? आणि प्रत्येक ठिकाणी जाऊन मोजायचं काय? माणसं दोन, दिवस वीस.

जोत्याची_पातळी

बेरीज करू नका. रुग्णालयाला पुराचे ५ मिळालेत, बाकी चार रकान्यांत १-२. अकरात तो पाच विरघळून गेला. नदी काही सरासरी काढून आत येत नाही. रकाने वेगळे ठेवा आणि सर्वांत वाईट रकाना हाच त्या ठिकाणाचा दर्जा धरा. ठिकाणाचं महत्त्व धोक्याच्या गुणांत मिसळू नका, त्याला स्वतंत्र रकाना द्या: ‘बंद पडलं तर किती वेळ निभेल’. रुग्णालयाचा ऑक्सिजन मिनिटं. पाणीयोजना, टाकी भरलेली असेल तर एखाद-दोन दिवस. रेशन गोदाम आठवडा. मच्छी गोदामाला हा प्रश्न विचारला की ते आपोआप यादीतून बाहेर जातं.

आता डेम. तीस मीटरच्या चौकटीचा डेम उभ्या दिशेत काही मीटर चुकतो, आणि माड-पोफळीच्या वाडीवर तो जमीन मोजतच नाही, वर कुठेतरी झावळ्यांत अडकतो. त्यामुळे वाडीतलं आरोग्य केंद्र नकाशावर टेकाडावर दिसतं आणि सुरक्षित ठरतं. डोंगराचा उतार, पाणलोट पाहायला डेम ठीक आहे. इथे निकाल तीस-चाळीस सेंटिमीटरवर लागतो, तिथे त्याचा उपयोग नाही. ऑटो लेव्हल (पातळी मोजायची दुर्बीण) आणि पट्टी भाड्याने घ्या. जवळचा जीटीएस बेंचमार्क (सर्व्हे खात्याची, उंची ठाऊक असलेली खूण) किंवा पाटबंधारे, बांधकाम खात्याचा टीबीएम (तशीच तात्पुरती खूण) शोधा, तिथून पातळी आणा आणि परत त्याच खुणेवर येऊन बंद करा. चूक दोन-तीन सेंटिमीटरच्या आत आली तर या कामाला पुष्कळ झालं.

इथे सर्वांत जास्त घोळ शून्याचा होतो. किनाऱ्यावर उंचीची तीन शून्यं वापरात आहेत आणि आराखड्यांत ती सर्रास एकमेकांत मिसळतात. सर्व्हेची पातळी सरासरी समुद्रसपाटीपासून असते. भरती-ओहोटीच्या तक्त्यातला आकडा चार्ट डेटमपासून असतो, म्हणजे जवळपास नीचतम ओहोटीच्या पातळीपासून. मुंबईला या दोन शून्यांत सुमारे अडीच मीटरचं अंतर आहे. तिथल्या तक्त्यात ४.८ मीटरची भरती दिसली तर ती समुद्रसपाटीच्या हिशेबात साधारण २.३ मीटर. ही वजाबाकी राहिली की अर्धा गाव पाण्याखाली दिसतो, आणि उलट केली तर सगळं कोरडं. प्रत्येक बंदराचा फरक वेगळा, तेव्हा मुंबईचा आकडा खाली उतरवू नका, जवळच्या बंदराचा घ्या. तिसरं शून्य जीपीएसचं. कच्च्या जीपीएसची उंची लंबगोलापासून, म्हणजे पृथ्वीच्या गणिती आकारापासून, मोजलेली असते आणि कोकण किनाऱ्यावर पुळणीवर उभं राहिलं तरी ती उणे साठच्या पलीकडे दाखवते. काही मोबाइल ती दुरुस्त करून देतात, काही देत नाहीत. म्हणून मोबाइलवरची उंची तक्त्यात लिहूच नका.

उधाणाच्या रकान्यासाठी: समुद्रसपाटीच्या हिशेबातली मोठी भरती, अधिक वादळाची फूग, म्हणजे वादळाने भरतीच्या वर चढलेलं पाणी. निसर्ग वादळाच्या वेळी हवामान खात्याने भरतीच्या वर रायगडला १ ते २ मीटर आणि रत्नागिरीला ०.५ ते १ मीटर फुगीचा इशारा दिला होता. तुमच्याकडे १ मीटर धरून चला, आणि लाटांचा तडाखा थेट बसतो अशा जागी वेगळी नोंद करा.

पुरासाठी जलसंपदा विभागाच्या पूररेषा मागा. निळी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. छोट्या नद्यांना बहुधा रेषा आखलेलीच नसते. तिथे घरांच्या भिंतींवरच्या खुणा घ्या, पण आतल्या भिंतीवरच्या. रस्त्याकडच्या भिंतीवर वाहत्या पाण्याची उसळी असते, ती खूण फसवते. एका वस्तीत निदान तीन खुणा घ्या आणि तिघांत न जुळणारी सोडून द्या.

मग एका ठिकाणी एकच पातळी घेऊन निघू नका. समजा २०२१ ची पुराची खूण ५.७५ मीटर आहे आणि रुग्णालयात असं मिळालं: जोतं ६.१०, मुख्य वीजपॅनेलची खालची कड ५.९५, ऑक्सिजनची खोली ५.४०, जनरेटरचा चौथरा ५.२०, फाटकासमोरचा रस्ता ४.६०. जोतं ३५ सेंटिमीटर वर, म्हणजे वॉर्डात पाणी नाही. पण जनरेटर ५५ सेंटिमीटर पाण्यात, सिलिंडरची खोली ३५ सेंटिमीटर, आणि रस्त्यावर ११५. इमारत कोरडी, रुग्णालय बंद. चिपळूणला जुलै २०२१ मध्ये पाणी शिरून वीज गेल्यावर कोविड रुग्णालयात व्हेंटिलेटरवरचे रुग्ण दगावले, तेव्हा हा प्रश्न पुस्तकी नाही.

चिरेबंदी

वाऱ्याच्या रकान्यात बहुतेक जण किनाऱ्यापासूनचं अंतर टाकतात आणि मोकळे होतात. निम्मं काम छपरावर असतं.

आयएस ८७५ भाग ३ या वाऱ्याच्या भाराच्या भारतीय संहितेच्या नकाशात मुंबईला मूळ वेग ४४ मीटर प्रतिसेकंद आहे, गोव्याला ३९. निसर्ग ३ जून २०२० ला जमिनीवर आलं तेव्हा हवामान खात्याच्या नोंदीत वारा ताशी १०० ते ११० किलोमीटर, झोत १२०. १२० म्हणजे सेकंदाला ३३ मीटर. संहितेतला ३९ म्हणजे ताशी १४०. तरीही श्रीवर्धनपासून दापोली-मंडणगडपर्यंत शाळांचे पत्रे उडाले. जिथे झोत संहितेच्या आत होता तिथे दोष वेगाचा नाही, पत्रा धरून ठेवणाऱ्या वस्तूंचा.

हिशेब सोपा आहे: दाब म्हणजे ०.६ गुणिले वेगाचा वर्ग (हे न्यूटन, ९.८ ने भागलं की किलो). ३३ ला चौरस मीटरला सुमारे ६७ किलो, ३९ ला ९३, ४४ ला ११८. कडांवर आणि कोपऱ्यांत वरची ओढ याच्या दीड-दोन पट होते. वाऱ्याकडचं दार किंवा खिडकी फुटली की आतून वर ढकलणारा दाब त्यात मिळतो. म्हणूनच छप्पर उडण्याआधी बहुधा खिडकी गेलेली असते. खिडक्यांचे अडसर तपासणं हे छपराच्या तपासणीचाच भाग धरा.

जाऊन काय पाहायचं: पत्र्याचा हुक-बोल्ट हाताने हलवा. खाऱ्या वाऱ्याने तो पर्लिनखाली (पर्लिन म्हणजे पत्रा ज्यावर बसतो तो आडवा वासा), जिथे दिसत नाही तिथे, बारीक होतो. वर वायसर नवा दिसला म्हणून फसू नका. कडेच्या एक मीटर पट्ट्यात बोल्टांचं अंतर मधल्या भागाच्या निम्मं हवं. पर्लिन भिंतीला बांधलंय की नुसतं टेकलंय? वळचण दीड फुटाहून जास्त बाहेर असेल तर वाईट. सिमेंटचे पत्रे उडत नाहीत, फुटतात, आणि तुकडे खाली पडतात, तेव्हा त्या खोलीत माणसं ठेवायची नाहीत. चिऱ्याच्या इमारतीत त्रिकोणी भिंत आधी जाते: वर पट्टा नाही, चिऱ्यांच्या सांध्यांत नुसती माती, आणि छप्पर गेल्यावर तिला कुणी धरणारं उरत नाही.

संहितेत वादळानंतर लागणाऱ्या इमारतींसाठी, म्हणजे रुग्णालय, निवारा, टॉवर वगैरेंसाठी, वेग १.३ ने वाढवायचा गुणक आहे. पण तो पूर्व किनारा आणि गुजरातच्या ६० किलोमीटर पट्ट्यापुरता. कोकणाला सक्तीचा नाही. माझं मत: तुमच्या यादीतल्या दहा-बारा मुख्य इमारतींना तो लावूनच तपासा. वेग १.३ पट म्हणजे दाब १.६९ पट. नवीन बांधकामात खर्च फार वाढत नाही, जुन्यात मात्र निवारा म्हणून कोणती खोली ठेवायची हे बदलतं. स्लॅबची खोली निवारा, पत्र्याची खोली सामान. इतकं जरी झालं तरी पुष्कळ.

स्लॅब आहे म्हणून निश्चिंत होऊ नका. किनाऱ्यावर आयएस ४५६ या काँक्रीटच्या संहितेप्रमाणे सळईवर ४५ मिलिमीटर आवरण हवं, लाटांचे तुषार येत असतील तर ५०. जुन्या इमारतींत २०-२५ सापडतं. बाल्कनीच्या खालून गंजाचे डाग, सळईच्या रेषेत तडा, ठोकल्यावर पोकळ आवाज: या तिन्हींपैकी दोन मिळाल्या तर हाफ-सेल चाचणी (सळईचा विद्युतदाब मोजून गंज ओळखणारी) मागवा. उणे ३५० मिलिव्होल्टच्या पलीकडे आकडा गेला की गंज चालू आहे असं धरतात.

भूकंपाचा रकाना उगाच पाच ठिकाणी पाच वेगळे गुण देऊन भरू नका. कोयनेच्या भोवतीचा पट्टा चौथ्या विभागात, बाकी कोकण बहुतेक तिसऱ्यात. तालुका कुठे पडतो ते एकदाच पाहा आणि फरक इमारतीच्या प्रकारावर करा. खाली मोकळे खांब, वर दोन मजले, अशा इमारती वेगळ्या काढा.

फीडर_११

वरची दोन्ही उत्तरं इमारतीची आहेत. माझा आग्रह असा की प्रत्येक ठिकाणापुढे एक ओळ लिहा: याला वीज कुठून येते? कुठलं उपकेंद्र, कुठला ११ केव्ही फीडर (उपकेंद्रातून निघणारी वीजवाहिनी), कुठली डीपी (खांबावरचा ट्रान्सफॉर्मर). तुमच्या ६४ पैकी निम्मी ठिकाणं बहुधा दोन-तीन फीडरवर लटकलेली निघतील. रुग्णालय आणि त्याला पाणी देणारी जॅकवेल एकाच फीडरवर असतील तर त्या दोघांचे वेगळे गुण काढून काही अर्थ नाही.

फीडरवर चालत जा. पडणारी झाडं मोजा: माड, सुरू, जुने आंबे. उंची १५ ते २० मीटर, म्हणजे तारेपासून तेवढ्या अंतरातलं प्रत्येक झाड. फांद्या छाटून उपयोग माडाला नाही. खांब किती गाडलाय ते पाहा. लांबीच्या सहाव्या भागाचा नियम धरला तर ९ मीटरच्या खांबाला दीड मीटर. पुळणीत तेवढं पुरत नाही, बुंध्याला काँक्रीट लागतं. अलिबागसारखी भूमिगत वाहिनी असेल तर झाडाचा प्रश्न मिटतो, पण जोडपेट्या आणि आरएमयू (रस्त्याकडेच्या स्विचपेट्या) पुराच्या खुणेच्या वर आहेत का हा नवा प्रश्न उभा राहतो.

उपकेंद्रात यार्डाची पातळी घेऊन लोक परत येतात. पाणी तिथून येत नाही. केबल ट्रेंचमधून, म्हणजे केबल टाकलेल्या चरातून, येतं. यार्ड कोरडं असतानाही ट्रेंच रस्त्याकडच्या गटाराशी जोडलेली असते आणि कंट्रोल रूमच्या फरशीखालून पाणी वर येतं. पहिली बळी डीसी बॅटरी. ती गेली की बिघाड ओळखणारे रिले आंधळे आणि वीज तोडणारा ब्रेकर ट्रिप होत नाही. बॅटरीच्या स्टँडची खालची कड आणि ट्रेंचचं तोंड, या दोन पातळ्या घ्या आणि तोंड बुजवलंय का ते बघा. आणखी एक खास किनारी दुखणं: उन्हाळाभर इन्सुलेटरवर मीठ बसतं आणि पहिल्या रिमझिमीत, वादळ नसतानाही, फ्लॅशओव्हर होतो, म्हणजे इन्सुलेटरवरून वीज उडी मारते. धो-धो पावसात मीठ धुऊन जातं, रिमझिमीत नुसतं ओलं होतं. मे अखेरीस इन्सुलेटर धुतलेत का, ही नोंद वादळाच्या रकान्याइतकीच महत्त्वाची.

जनरेटर ‘आहे’ असं लिहू नका. ६२.५ केव्हीएचा सेट पाऊण भारावर तासाला ११-१२ लिटर डिझेल पितो. खालच्या टाकीत शंभर-सव्वाशे लिटर, म्हणजे दहा तास. निसर्गनंतर कित्येक गावांत वीज यायला आठवडे लागले. निदान ७२ तास धरा: १२ गुणिले ७२ म्हणजे ८६४ लिटर, सव्वाचार पिंपं. डिझेल २५०० लिटरपर्यंत परवान्याशिवाय ठेवता येतं, एकेक भांडं १००० लिटरच्या आत असलं पाहिजे. जागा मात्र पुराच्या वर, आणि पिंपं बांधलेली. तरंगणारं पिंप हा वेगळाच धोका. चाचणी रिकाम्या भारावर पाच मिनिटं नको, खरा भार टाकून एक तास. सेट बिघडतो तो बहुतेक वेळा बॅटरीमुळे किंवा डिझेलमधल्या पाण्यामुळे. आपल्या दमट हवेत अर्धी टाकी ठेवली की आत दव धरतं.

ऑक्सिजनचं: पीएसए प्लांटला (हवेतून ऑक्सिजन काढणाऱ्या यंत्राला) थ्री फेज लागतो. वीज आणि जनरेटर दोन्ही गेले की तो निव्वळ डबा. मग हातात सिलिंडर. मोठ्या डी टाइप सिलिंडरमध्ये ७ घनमीटर, मिनिटाला १० लिटरने एका रुग्णाला साडेअकरा तास. खाटा आणि तास गुणून किती लागतात ते काढा, म्हणजे ‘निभेल किती’ हा रकाना खरा होईल.

दरडवाट

दरडीबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा दरडप्रवणता नकाशा १:५०,००० चा आहे. त्यावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर ५० मीटर. तुमचं आरोग्य केंद्र लाल पट्ट्यात आहे की शेजारच्या पिवळ्यात, हे त्यावरून ठरत नाही. नकाशावरून फक्त कुठे जायचं ते ठरवा.

गेल्यावर इमारतीमागे पाहा: डोंगर जेसीबीने उभा कापलाय का, किती मीटर, आणि भिंतीपासून किती अंतरावर. कापाच्या उंचीइतकं अंतर नसेल तर मागच्या खोल्या पावसाळ्यात रिकाम्या ठेवायच्या. मग वर सड्यापर्यंत, म्हणजे माथ्यावरच्या जांभ्याच्या पठारापर्यंत, चढा. जांभ्याखाली पांढरट-गुलाबी चिकण माती असते, पाणी जांभ्यातून झिरपून तिच्यावर थांबतं आणि वरचा थर त्यावरून सरकतो. म्हणून सड्यावरचा तडा, चर, शेततळं हे सगळं खालच्या इमारतीच्या तक्त्यात लिहायचं. वाकलेले बुंधे, अचानक गढूळ झालेला किंवा आटलेला झरा याही खुणा. तळीयेला २२ जुलै २०२१ ला दरड आली, त्याच दिवशी चिपळूण पाण्याखाली होतं. म्हणजे पूर आणि दरड एकाच पावसाने येतात, आणि दरडीच्या गावाकडे जाणारी मदत पुरात अडकते. चिपळूणला तेव्हा पौर्णिमा दोन दिवसांवर होती, म्हणजे भरती मोठी, आणि खाडीचं पाणी उतरायला वेळ लागतो तोही त्यात. पुराचा रकाना उधाणापासून तोडून भरला तर खाडीकाठच्या गावांत पाणी किती तास राहील हे चुकतं.

चिरेबंदींशी एका बाबतीत मतभेद. १.३ चा गुणक जुन्या शाळांना लावायचा झाला तर सगळ्याच नापास होतील, आणि सगळं लाल असलेला तक्ता कुणी वाचत नाही. आधी ३९ वर तपासा. त्यात पास झालेल्यांनाच १.३ लावा.

चिरेबंदी

मान्य. क्रम तोच बरा.

साकव

सगळ्यांचे आभार. मच्छी गोदाम काढलं. आता दोन अडचणी. साकव आणि पूल कुठल्या रकान्यात घालू? आणि जॅकवेलचं काय मोजू, विहीर तर नदीतच आहे.

जोत्याची_पातळी

साकवराव, तुमच्या नावाला जागून साकव वेगळे ठेवा. त्यांना स्वतःचे गुण देण्यापेक्षा प्रत्येक ठिकाणापुढे ‘इथे पोचायला कोणता पूल किंवा मोरी ओलांडावी लागते’ हे लिहा. दुसरा रस्ता नसेल तर त्या ठिकाणाला पुलाचाच दर्जा द्या. पुलावर पाहायचं ते पायथ्याशी: खांबाभोवतीचा खड्डा उन्हाळ्यात ओहोटीच्या वेळी मोजा आणि जोडरस्त्याचा भराव बघा. पूल उभा आणि भराव वाहून गेलेला, हे जास्त वेळा होतं. महाडचा सावित्रीवरचा जुना पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात गेला. अशा जुन्या दगडी पुलांना पूर चालू असताना वाहतूक बंद करायची पातळी आधीच रंगवून ठेवा.

जॅकवेलला तीन पातळ्या: मोटरचा तळ, पॅनेलची खालची कड, ट्रान्सफॉर्मरचा चौथरा. नदीतल्या विहिरीला धोका नाही, पंपघराच्या भिंतीवर कमरेइतक्या उंचीला लावलेल्या पॅनेलला आहे. ते उचलून वर बसवणं हे तुमच्या अख्ख्या यादीतलं सर्वांत स्वस्त काम असेल. वादळाचा इशारा आला की उंच टाक्या भरून घ्यायच्या. पाणीही राहतं आणि प्लास्टिकच्या टाक्या उडत नाहीत. खाडीकाठच्या विहिरींत उधाण शिरलं तर क्लोराइड तपासल्याशिवाय त्या चालू करू नका. २५० मिलिग्रॅम प्रतिलिटर ही इष्ट मर्यादा, दुसरा स्रोतच नसेल तर १००० पर्यंत. टीसीएल (ब्लीचिंग) पावडर १००० लिटरला ५ ग्रॅम हे प्रमाण ताज्या पावडरीचं आहे. पावसाळी कोठारातल्या जुन्या पोत्यातला क्लोरीन उडून गेलेला असतो, म्हणून ओटी चाचणीत (पाण्यात उरलेला क्लोरीन दाखवणारी) ०.२ दिसेपर्यंत वाढवा.

खारभूमी बंधाऱ्यांच्या उघाड्याही (पाणी बाहेर सोडायची झडपेची दारं) यादीत घ्या, त्या तुमच्या ६४ मध्ये नाहीत. झडप उघडी अडकली तर भरती आत येते, बंद अडकली तर पावसाचं पाणी बाहेर जात नाही. दोन्ही बाजूंनी त्या गावातलं आरोग्य केंद्र भिजतं.

फीडर_११

पेट्रोल पंपांपुढे ‘स्वतःचा जनरेटर आहे का’ हे जरूर विचारा. वीज नसेल तर टाकीत वीस हजार लिटर असून थेंब निघत नाही, आणि रुग्णालयाची सव्वाचार पिंपं चौथ्या दिवशी तिथूनच भरायची आहेत. टॉवरवाल्यांना बॅटरी किती तास आणि डिझेल कोण पोचवणार, हे दोनच प्रश्न.

साकव

उघाड्या धरून आता ७७ झाली. सोमवारपासून लेव्हल घेऊन निघतोय, सुरुवात रुग्णालयाच्या फीडरवरून.

जोत्याची_पातळी

पट्टी धरणाऱ्याला सांगा, पुळणीत किंवा भरावावर पट्टी थेट टेकवू नको, खाली फरशीचा तुकडा ठेव. वाळूत ती दोन वाचनांच्या मधे बोटभर खचते आणि मग दिवसभराची लेव्हल बंद होत नाही.